फ्रीमाँटच्या कम्युनिटी कॉलेजातली माझी प्रीमेडची वर्षे

अमेरिकेत डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे कमी शुल्कात शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, केले तर त्याचा पाया कच्चा राहतो, असे मला इथे आल्यापासून अनेकांनी सांगितले. सांगणारी माणसे आपलीच होती, माझ्या भल्यासाठीच बोलत होती, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची मुले बारावीनंतर थेट मोठ्या विद्यापीठांत गेली होती. मी हे सारे विषय कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजात केले, २०२५ च्या सप्टेंबरात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस येथील विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल झाले, आणि आज तिथे जैवरसायनशास्त्र शिकत असताना मी खात्रीने म्हणू शकते की तो पाया कच्चा नव्हता. मात्र तो पक्का होण्यासाठी कोणता विषय कधी घ्यायचा, कुठला अर्धवट सोडायचा नाही आणि कोणाचे नियम कोणाला लागू होतात, हे आधीपासून ठाऊक असावे लागते. ती माहिती मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली. ज्यांच्या घरात ही चर्चा आज चालू आहे त्यांना ती एकत्र मिळावी म्हणून हे लिहीत आहे.

मी मूळची सांगलीची. मामा अमेरिकेचा नागरिक झाल्यावर त्याने माझ्या आईसाठी कायम वास्तव्याचा अर्ज केला, तेव्हा मी पाळण्यात होते. भावंडांसाठीच्या त्या रांगेत भारतीयांना इतकी वर्षे थांबावे लागते की आमचा क्रमांक आला तोवर माझी बारावी झालेली होती. तीही २०२१ ची बारावी. करोनामुळे त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाची लेखी परीक्षा रद्द झाली आणि निकाल दहावी, अकरावी व बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनावरून लावण्यात आला. आमचे वर्ग वर्षभर मोबाइलच्या पडद्यावर झाले आणि बारावीत मी एकदाही प्रयोगशाळेत पाऊल टाकले नाही. हे मुद्दाम नमूद करते, कारण पुढे कम्युनिटी कॉलेजाने मला सर्वांत मोलाचे जे दिले ते प्रयोगशाळेतच दिले.

भारतात बारावीनंतर नीट आणि मग थेट एमबीबीएस असा सरळ मार्ग असतो. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते. आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचे एमडी, जी तिथे डॉक्टरकीची पहिलीच पदवी असते. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीला प्रीमेड म्हणतात, पण त्या नावाची पदवी नसते. पदवी कोणत्याही विषयात घेता येते, पण वैद्यकीय महाविद्यालयांना हवे असलेले ठरावीक विषय त्या काळात पूर्ण करावे लागतात. सर्वसाधारणपणे प्रयोगांसह एकेक वर्ष सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र, त्यांच्या जोडीला किमान एक सत्र जैवरसायनशास्त्र, इंग्रजी लेखन, आणि बऱ्याच ठिकाणी संख्याशास्त्र. शिवाय एमकॅट या प्रवेश परीक्षेत २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांचा स्वतंत्र विभाग आला आहे, त्यामुळे हे दोन विषयही शिकून घेतलेले बरे. महाविद्यालयागणिक यादी थोडी बदलते. काही महाविद्यालये आता विषयांऐवजी क्षमतांची भाषा बोलतात, काहींना अजून प्रत्येक विषय गुणपत्रिकेवर दिसायला हवा असतो.

आम्ही २०२१ च्या डिसेंबरात फ्रीमाँटला आलो. कॅलिफोर्नियाचे रहिवासी म्हणून शुल्क भरायचे असेल तर सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य असावे लागते आणि इथेच राहण्याचा इरादा कागदपत्रांनी दाखवावा लागतो. त्याआधी प्रवेश घेतला तर कम्युनिटी कॉलेजातही अनेक पट शुल्क पडते. म्हणून पहिले वर्ष मी वर्गाबाहेर काढले. त्या काळात नर्सिंग असिस्टंटचे प्रमाणपत्र मिळवले. कॅलिफोर्नियात त्यासाठी १६० तासांचे प्रशिक्षण लागते, त्यातले १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. नंतर एका वृद्धसेवा केंद्रात नोकरी धरली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे, त्याला अंघोळ घालणे, भरवणे, रात्री घाबरून उठलेल्या आजींजवळ बसून राहणे हे काम मी पुढची सगळी वर्षे शनिवार-रविवारी करत राहिले. वैद्यकीय महाविद्यालये अर्जात रुग्णसेवेचा अनुभव पाहतात हे खरे असले तरी मला त्या कामाचा उपयोग त्याहून वेगळा झाला. आपल्याला हाच पेशा हवा आहे का, या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तके उघडण्याआधीच मिळाले होते.

आता पैशांचे बोलते, कारण घरोघरी निर्णय तिथूनच सुरू होतो. कॅलिफोर्नियाच्या ११६ कम्युनिटी कॉलेजांत रहिवासी विद्यार्थ्याला दर युनिटला (विषयाचा भार मोजण्याचे एकक) ४६ डॉलर शुल्क आहे आणि २०१२ पासून ते बदललेले नाही. पाच युनिटांचे सामान्य रसायनशास्त्र, प्रयोगशाळेसह, २३० डॉलरांत होते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तेही माफ होते. माझे झाले. याच राज्याच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात रहिवासी विद्यार्थ्याचे वर्षाचे शुल्क आज चौदा हजार डॉलरांच्या पुढे आहे, आणि राहण्याजेवण्याचा खर्च त्याहून मोठा. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी कर्ज काढावेच लागणार असेल तर पदवीच्या काळात कर्ज न होणे ही फार मोठी गोष्ट आहे. त्यातच नव्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज नव्या कर्जदारांना बंद होत असून वैद्यकीय विद्यार्थ्यांना सरकारकडून वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरांपर्यंतच कर्ज मिळेल. ज्या महाविद्यालयांचा खर्च त्याहून जास्त आहे तिथे उरलेली रक्कम खासगी कर्जातून उभी करावी लागणार. या हिशेबात पहिल्या दोन-अडीच वर्षांची बचत किरकोळ राहत नाही.

ही व्यवस्था अचानक उभी राहिलेली नाही. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा जो आराखडा स्वीकारला त्यात शाळेतून उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशांना कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दुसऱ्या व्यवस्थेतली राज्य विद्यापीठे आणि इतर सर्वांना कम्युनिटी कॉलेज खुले, अशी रचना होती. तिसऱ्या दारातून आलेल्याला दोन वर्षांनी पहिल्या दारात प्रवेशाची वाट मिळावी हाही त्याच आराखड्याचा भाग होता. त्यामुळे कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाणे ही मागच्या दाराची सोय नसून आखून दिलेला रस्ता आहे. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर मी कुठे शिकते हे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जी सहानुभूती उमटत असे, ती या इतिहासाच्या अज्ञानातून येत होती, असे मला वाटते.

प्रत्यक्ष आखणी करताना आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी लागते, ती म्हणजे आपण एका वेळी दोन याद्या पूर्ण करत आहोत. एक यादी विद्यापीठाची. ज्या शाखेत प्रवेश हवा तिला कोणते विषय आधी झालेले लागतात, ही ती यादी. दुसरी वैद्यकीय महाविद्यालयांची, जी विद्यापीठाला ठाऊकही नसते आणि तिची पर्वाही नसते. कॅलिफोर्नियात पहिल्या यादीसाठी असिस्ट हे सरकारी संकेतस्थळ आहे. तिथे आपले कॉलेज, हवे ते विद्यापीठ आणि शाखा निवडली की आपला कोणता विषय तिथल्या कोणत्या विषयाच्या तोडीचा धरला जातो याचा तक्ताच मिळतो. दुसऱ्या यादीसाठी असा तक्ता नाही. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाचे नियम स्वतः वाचावे लागतात. मी दोन्ही याद्या एकाच वहीत शेजारी शेजारी लिहून काढल्या आणि प्रत्येक सत्राच्या नोंदणीआधी ती वही उघडत असे. एका काउन्सेलरने मला भौतिकशास्त्राचे दुसरे सत्र घेण्याची गरज नाही असे सांगितले होते. ज्या शाखेचा तक्ता समोर होता तिच्यापुरते ते बरोबर होते, पण वैद्यकीय महाविद्यालयांच्या यादीत वर्षभराचे भौतिकशास्त्र होते, आणि ते माझ्या वहीत असल्यामुळे मी ते घेतले.

याच संदर्भात आणखी एक नियम फार महत्त्वाचा आहे. सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांसारखे दोन-तीन सत्रांत पसरलेले विषय एकाच ठिकाणी सुरू करून तिथेच संपवावेत. कॉलेजात सेमिस्टर, म्हणजे वर्षाला दोन मुख्य सत्रे, असते आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली व मर्सेड सोडून बाकी ठिकाणी क्वार्टर, म्हणजे वर्षाला तीन मुख्य सत्रे, असतो, त्यामुळे कॉलेजातले दोन भाग तिकडच्या तीन भागांत वाटले जातात. मालिका पूर्ण असली तर ती अख्खी मान्य होते. अर्धी नेली तर मधला काही अभ्यासक्रम दोनदा करावा लागतो किंवा अजिबात न झालेला राहतो. माझ्या ओळखीची एक मुलगी सेंद्रिय रसायनशास्त्राचा पहिला भाग इथे करून दुसऱ्या विद्यापीठात गेली आणि तिला तो विषय पहिल्यापासून करावा लागला. म्हणून दोन वर्षांत सारे बसवण्याच्या अट्टाहासापेक्षा आणखी एक सत्र थांबून मालिका पूर्ण करणे मला शहाणपणाचे वाटले, आणि मी अडीच वर्षे घेतली.

२०२३ च्या जानेवारीत सुरुवात झाली. बारावीच्या गुणांमुळे मला थेट सामान्य रसायनशास्त्रात बसता आले असते, तशी पात्रता चाचणीही होती. पण प्रयोगशाळेचा हात गेलेला आहे हे माहीत असल्याने मी आधी प्राथमिक रसायनशास्त्राचे एक सत्र घेतले. त्याबरोबर इंग्रजी लेखन, प्रीकॅल्क्युलस, उन्हाळ्यात संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र. इंग्रजी लेखनाबद्दल एवढेच सांगते की मराठी माध्यमातून दहावी केलेल्या मुलीला स्वतःचे मत मांडून त्याला पुरावे देण्याची सवय त्या वर्गाने लावली, आणि पुढे प्रयोगांचे अहवाल लिहिताना ती रोज कामी आली.

विज्ञानाच्या वर्गांत जागा मिळवणे हे या वाटेवरचे खरोखरीचे कठीण काम आहे. सुरक्षेच्या कारणाने प्रयोगशाळेत साधारण चोवीसच विद्यार्थी घेतात. नोंदणीचा क्रम आधी झालेल्या युनिटांवर ठरतो, आणि माजी सैनिक, अपंग विद्यार्थी, पालकांविना वाढलेली मुले अशा गटांना कायद्याने अग्रक्रम असतो, जो असायलाच हवा. नव्या विद्यार्थ्याची पाळी येईपर्यंत वर्ग भरलेला असतो आणि नाव वेटलिस्टवर जाते. सामान्य रसायनशास्त्राच्या वेळी माझे तेच झाले. वेटलिस्टवर असलेल्याने घरी बसून ईमेलची वाट पाहू नये, पहिल्या दिवशी वर्गात हजर राहावे. नोंदणी करून न आलेल्यांची नावे प्राध्यापक त्याच दिवशी कमी करतात आणि हजर असलेल्यांना क्रमाने प्रवेशाचा कोड देतात. मी गॉगल आणि वही घेऊनच गेले होते. कोड त्याच संध्याकाळी मिळाला.

सामान्य रसायनशास्त्राचे आमचे प्राध्यापक स्वतः शिकवत आणि आठवड्यातून दोन दिवस तीन-तीन तास प्रयोगशाळेतही स्वतः उभे असत. मोठ्या विद्यापीठांत प्रयोगशाळा बहुधा पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हाती असते. इथे वर्गात सांगितलेली गोष्ट टेबलावर का जुळत नाही, हे ज्याने सांगितली त्यालाच विचारता येत होते. पहिल्याच आठवड्यांत आम्ही सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची नेमकी तीव्रता पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वापरून ठरवली. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग अगदी फिकट गुलाबी, आणि ढवळल्यावर अर्धा मिनिट टिकणारा, इतकाच हवा. एक थेंब जास्त पडला की गडद रंग येतो आणि तो प्रयत्न बाद. ब्युरेटमधील पातळी मिलिलिटरच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवायची, त्यातला शेवटचा अंक डोळ्यांनी अंदाजून घ्यायचा, आणि उत्तरात त्याहून एकही अंक जास्त लिहायचा नाही. वही शाईने लिहायची, खाडाखोड करायची झाली तर एकच रेघ, म्हणजे खालचा आकडा वाचता यावा. आमच्या प्राध्यापकांनी एकदा वर्गाला सांगितले की दवाखान्यात चुकीची नोंदही पुसायची नसते, तिच्यावर रेघ मारून वेळ आणि सही घालायची असते. वृद्धसेवा केंद्रात मी तेच शिकले होते, त्यामुळे या शिस्तीचा अर्थ मला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

सांगलीत असताना मोल, तीव्रता, सममूल्यता बिंदू यांवरची गणिते मी भराभर सोडवत असे, कारण उत्तराच्या चार पर्यायांतला एक बरोबर असतोच. इथे पर्याय नव्हते. तीन प्रयत्नांची सरासरी, त्यांतला फरक, तो का आला असेल याची दोन परिच्छेदांत मीमांसा, आणि ती मीमांसा ‘मानवी चूक’ या दोन शब्दांत आटोपली तर गुण नाहीत. आपल्याकडचे शिक्षण निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही. आकडेमोडीचा वेग आणि सूत्रांची पाठांतरे मला इथे पहिल्या दिवसापासून कामाला आली. पण एखादे मोजमाप कितपत विश्वासार्ह आहे हा प्रश्न मी स्वतःला प्रथम या प्रयोगशाळेत विचारला.

सेंद्रिय रसायनशास्त्र २०२४ च्या फॉलमध्ये, म्हणजे शरद ऋतूतल्या सत्रात, सुरू झाले. प्रीमेडच्या अनेक विद्यार्थ्यांची वाट याच विषयात बदलते, आणि त्याचे मुख्य कारण विषय अवघड आहे यापेक्षा तो पाठ करायचा प्रयत्न होतो हे आहे, असे माझे मत बनले. शेकडो अभिक्रिया सुट्या सुट्या लक्षात ठेवणे अशक्य असते. इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत, कुठे कमी आहेत आणि ते कोणत्या दिशेने सरकतील, हे बाणांनी काढून पाहण्याची सवय लागली की त्याच अभिक्रिया मोजक्या कुटुंबांत बसतात. मी रोज पहाटे एक तास कोऱ्या कागदावर अभिक्रियांच्या यंत्रणा, म्हणजे त्यांच्या पायऱ्या, काढत असे, पुस्तक न उघडता. एसएन१ आणि एसएन२ या दोन प्रकारच्या अभिक्रियांतला फरक, कोणता गट सहज सुटतो, द्रावक बदलला तर काय बदलते, हे सारे हाताने काढून काढूनच अंगवळणी पडले.

आमच्या अभ्यासगटात चौघे होतो आणि त्यांतला एक मुलगा कर्णबधिर होता. फ्रीमाँटमध्ये कॅलिफोर्निया राज्याची कर्णबधिरांची शाळा आहे आणि ओलोनी कॉलेजात कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी फार जुनी व नावाजलेली व्यवस्था आहे, त्यामुळे व्याख्यानाच्या आणि प्रयोगाच्या वेळी त्याच्याबरोबर सांकेतिक भाषेचे दुभाषी असत. अभ्यासाच्या वेळी मात्र आम्ही चौघेच असू आणि संवाद फळ्यावर चाले. प्रत्येक पायरी काढून दाखवायची, बाण कुठून निघतो आणि कुठे संपतो हे बोटाने दाखवायचे. तोंडी बोलताना माणूस अर्धवट समजलेल्या गोष्टीवरून सहज पुढे सरकतो. त्या फळ्यावर तसे करता येत नव्हते. मला सेंद्रिय रसायनशास्त्र जे समजले त्यातला मोठा वाटा त्या संध्याकाळींचा आहे, आणि त्या मित्राला रसायनशास्त्रात पुढे संशोधन करायचे आहे हे सांगताना मला आनंद होतो.

प्रयोगशाळेत चहाच्या पानांतून कॅफीन वेगळे काढण्याचा प्रयोग होता. चहा सोडियम कार्बोनेटबरोबर उकळायचा, थंड करायचा, मग सेपरेटरी फनेलमध्ये डायक्लोरोमिथेन घालून कॅफीन त्या थरात ओढून घ्यायचे. फनेल जोरात हलवले की दोन्ही थरांचे मिश्रण फेसाळ होऊन तासभर सुटत नाही, म्हणून ते हळुवार उलटेसुलटे करायचे आणि प्रत्येक वेळी तोटी उघडून आतला दाब सोडायचा. शेवटी द्रावक उडून गेल्यावर तळाशी राहते ती चिमूटभर फिकट पूड. तिचे स्फटिकीकरण करून द्रवणांक पाहायचा. पदार्थ शुद्ध असेल तर तो एक-दोन अंशांच्या आत वितळतो, अशुद्ध असेल तर आधीच वितळू लागतो आणि रेंगाळतो. शुद्धता ही मोजता येणारी गोष्ट आहे, हे त्या बारीक काचनळीतल्या कणांकडे भिंगातून पाहताना मनावर जे ठसले ते कुठल्याही व्याख्येने ठसले नसते.

जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते सरळ पार पडले. जीवशास्त्रात चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक ई. कोलाय जिवाणूत घालण्याचा प्रयोग आणि डुकराच्या गर्भाचे विच्छेदन हे लक्षात राहण्यासारखे होते. भौतिकशास्त्रात आपल्याकडची अकरावी-बारावीची तयारी जवळजवळ पुरेशी ठरली. फक्त तिथे द्रवाचा प्रवाह, प्रकाशशास्त्र आणि विद्युत मंडले यांवर एमकॅटमध्ये बराच भर असतो हे ध्यानात ठेवून मी ते भाग अधिक मन लावून केले.

गुणांच्या हिशेबाबाबत प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगायला हवी अशी एक गोष्ट आहे. एखाद्या विषयात सी पेक्षा कमी श्रेणी मिळाली आणि तो पुन्हा केला, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ठरावीक मर्यादेत नवी श्रेणीच धरते. वैद्यकीय महाविद्यालयांचा सामाईक अर्ज स्वीकारणारी एएमकास ही यंत्रणा मात्र सर्व प्रयत्नांच्या श्रेणी मोजते, आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांची वेगळी सरासरीही काढते. जिथे जिथे एक जरी विषय घेतला असेल त्या प्रत्येक कॉलेजाची गुणपत्रिका तिला लागते. म्हणजे कम्युनिटी कॉलेजातली श्रेणी विद्यापीठात गेल्यावर मागे राहत नाही. नोकरी करत शिकणाऱ्यांनी एका सत्रात प्रयोगशाळेचे तीन विषय घेण्याचा मोह यासाठीच टाळावा. झेपत नसेल तर मुदतीत विषय सोडून गुणपत्रिकेवर डब्ल्यू (विषय सोडल्याची नोंद) घेतलेला, सरासरी बिघडवण्यापेक्षा बरा.

ट्रान्सफरचे, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाण्याचे, वेळापत्रक असे असते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा ठिकाणी, म्हणजे डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ येथे, ठरावीक विषय आणि सरासरी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची लेखी हमी मिळू शकते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. हमीचा अर्ज सप्टेंबरात, तोही एकाच ठिकाणी. मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्यात प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंतची चार उत्तरे लिहायची असतात. जानेवारीत फॉलच्या श्रेणी कळवायच्या, एप्रिलअखेरपर्यंत निर्णय येतात. किमान ६० सेमिस्टर युनिटे लागतात, आणि शालेय गुणांकडे सहसा कुणी पाहत नाही. त्यामुळे परीक्षेविना मिळालेल्या बारावीच्या निकालाची काळजी मला तिथे करावी लागली नाही. मी हमीसाठी डेव्हिस निवडले. तिथल्या जीवशास्त्राच्या शाखा चांगल्या आहेत आणि फ्रीमाँटहून कॅपिटल कॉरिडॉरची रेल्वे थेट डेव्हिसला जाते, म्हणजे शनिवार-रविवारची नोकरी एकदम सोडावी लागणार नव्हती.

डेव्हिसला आल्यावर पहिला क्वार्टर जड गेला, हे लपवण्यासारखे नाही. सोळा आठवड्यांत पसरलेला अभ्यासक्रम दहा आठवड्यांत उरकतो, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पहिली चाचणी येते, आणि व्याख्यानाच्या सभागृहात शेकडो विद्यार्थी असतात. ट्रान्सफर झालेल्या अनेकांची सरासरी पहिल्या सत्रात थोडी खाली येते आणि मग सावरते, हे इथल्या सल्लागारांनाही परिचयाचे आहे. माझ्या अडचणी वेगाच्या होत्या, विषयाच्या नव्हत्या. प्रथिनांची घडण शिकवताना प्राध्यापकांनी पेप्टाइड बंधाचा सपाटपणा किंवा सिरीन प्रोटिएझची यंत्रणा फळ्यावर काढली तेव्हा ते बाण मी फ्रीमाँटच्या फळ्यावर इतक्यांदा काढले होते की माझ्या शेजारी बसलेल्या, पहिल्या वर्षापासून इथेच शिकणाऱ्या मुलीने मला अभ्यासाला बरोबर बसण्याविषयी विचारले.

कम्युनिटी कॉलेजात जे मिळत नाही तेही सांगायला हवे. तिथे संशोधनाच्या प्रयोगशाळा नसतात. विद्यापीठात पहिल्या वर्षापासून असलेले विद्यार्थी तिसऱ्या वर्षापर्यंत एखाद्या प्रयोगशाळेत रुळलेले असतात, आणि नव्याने आलेल्याला ती ओळख दोन वर्षांत करून घ्यावी लागते. मी पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांना पत्रे लिहायला सुरुवात केली आणि हिवाळी क्वार्टरपासून एका प्रयोगशाळेत जाऊ लागले. दुसरी गोष्ट म्हणजे काही वैद्यकीय महाविद्यालयांना विज्ञानाचे पायाभूत विषय चार वर्षांच्या विद्यापीठात झालेले अधिक पसंत असतात. त्यावर उपाय एकच, विद्यापीठात आल्यावर जैवरसायनशास्त्र, पेशीशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र असे वरच्या पातळीचे विषय घेऊन त्यांत चांगली श्रेणी मिळवणे. आणखी एक सूचना एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी सारख्या नोकरीच्या व्हिसावरील पालकांच्या आधाराने इथे, असलेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी. एच-४ वर रहिवासी शुल्काचा हक्क मिळू शकतो, पण तो दर्जा २१ व्या वर्षी संपतो, विद्यार्थी व्हिसावर गेल्यास शुल्काचा हिशेब बदलतो, आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालये ग्रीन कार्ड नसलेल्यांचे अर्ज घेतच नाहीत. ही चौकशी मूल अकरावीत असतानाच करावी.

माझा पुढचा बेत असा आहे. एमकॅट देऊन वैद्यकीय महाविद्यालयांना अर्ज मी पदवी पूर्ण झाल्यावर, २०२७ च्या उन्हाळ्यात करीन, म्हणजे डेव्हिसच्या दोन्ही वर्षांच्या श्रेणी त्यात दिसतील. शिफारसपत्रांसाठी विज्ञानाचे दोन प्राध्यापक लागतात. त्यांतले एक पत्र ओलोनीच्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांकडून घेणार आहे, आणि कॉलेज सोडण्याआधीच त्यांना भेटून तशी विनंती करून ठेवली आहे, कारण चोवीस जणांच्या प्रयोगशाळेत वर्षभर माझे काम त्यांनी स्वतः पाहिले आहे. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, प्रयोगांची यादी आणि तपासलेल्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. एखाद्या महाविद्यालयाने विषयाच्या पातळीबद्दल शंका घेतली तर गुणपत्रिकेपेक्षा त्याच अधिक उपयोगी पडतील.